जुना छोटा ट्रॅक्टर बागेत वापरणारं कोणी आहे का? (वीस मिनिटांनी बंद पडतोय, मदत हवी)

जुनंलोखंड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

वडिलांच्या एका मित्रांकडून फर्ग्युसन टीई-२० घरी आलाय. पेट्रोलवाला. कागदोपत्री रंग करडा, प्रत्यक्षात निम्मा करडा आणि निम्मा गंज. दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभा होता. काम म्हणाल तर दोन एकराच्या आतबाहेरची जागा: फळझाडांच्या मधलं गवत कापायचं, भाजीचा तुकडा वर्षातून दोनदा फोडायचा, पालापाचोळा आणि माती ट्रॉलीतून इकडून तिकडे न्यायची.

आतापर्यंत केलेलं: नवीन बॅटरी, नवीन प्लग, इंजिन ऑइल, ताजं पेट्रोल, पुढचे दोन्ही ट्यूब. तिसऱ्या सेल्फला सुरू झाला, मी अक्षरशः नाचलो.

आता दुखणं. रिकामा फिरवला तर कितीही वेळ चालतो. मागे गवत कापायचं यंत्र लावून कामाला घातला की वीस-पंचवीस मिनिटांनी गचके खायला लागतो, आवाज पडतो आणि बंद. अर्धा तास उभा ठेवला की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. मग दहा-पंधरा मिनिटं, पुन्हा तेच.

कॉइल (ठिणगीसाठी वीज वाढवणारी) गेली असं वाटतंय. मागवू का? आणि दुसरं, हा प्राणी बागेच्या कामाला खरंच चालतो का, की मी हौसेपायी घरच्यांचा रोष ओढवून घेतोय? घरातून 'गवत कापायची छोटी नवी गाडी घेतली असतीस' हे वाक्य दिवसातून एकदा ऐकू येतं.

ग्रीसगन

अभिनंदन! गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू म्हणजे कंडेन्सर. शंभर टक्के. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना वीज वाटणारा भाग) आत पॉइंटशेजारी, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन तोंडांशेजारी, छोटी डबी असते ती. इंजिन चालू असताना झाकण काढता येत नाही, पण पॉइंटची तोंडं बघा. जळून काळी-निळी पडली असतील तर कंडेन्सर गेला. पॉइंट आणि कंडेन्सर जोडीनेच बदला.

आळशी माळी

माझ्या मते कॉइलच. बंद पडल्या पडल्या हात लावून बघा, भाजत असेल तर तीच.

गवताळ

पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बंद पडेल तेव्हा झाकण फिरवा, फुस्स आवाज आला तर समजा. जाता जाता, फोटो टाका की!

तिसरा पॉइंट

थांबा हो सगळे. जुनंलोखंड, तुम्ही आत्ता काहीही मागवू नका. वरची तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात आणि तिन्ही चूकही असू शकतात. इंजिनाला चालायला ठिणगी लागते आणि इंधन लागतं. बंद पडल्यावर दोन मिनिटांच्या आत यातलं काय नाहीये ते बघायचं. अर्धा तास थांबलात तर पुरावा गेला.

तयारी आधीच करून ठेवा. एक जादा प्लग, एक पाना आणि काचेची बाटली ट्रॅक्टरवर घेऊनच गवतात जा. बंद पडला की:

आधी ठिणगी. एका सिलिंडरची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवा (कार्ब्युरेटरपासून लांब, दुसऱ्या बाजूला) आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट आवाजाची ठिणगी आली तर कॉइल आणि कंडेन्सर दोघंही निर्दोष. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही तर ग्रीसगन यांचं ऐका.

ठिणगी ठीक असेल तर इंधन. पण मध्ये थोडा वेळ जाऊ द्या, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून बाग पेटवायची नाहीये. कार्ब्युरेटरच्या तळाचा बोल्ट काढा, खाली बाटली धरा. टीई-२० ला इंधन पंप नसतो, टाकी इंजिनाच्या वर आहे आणि पेट्रोल नुसतं उतारानं येतं. त्यामुळे धार यायला हवी, आणि *येत राहायला* हवी. पहिली वाटीभर सगळ्यांचीच येते. दोन-तीन मिनिटं तशीच सोडा. धार बारीक होत होत थेंबावर आली तर रोग वरच्या बाजूला आहे.

तुम्ही म्हणता रिकामा चालतो आणि कामाला घातला की पडतो. माझा कल इंधनाकडे आहे, कारण ओझ्याखाली पेट्रोल जास्त लागतं. पण कल म्हणजे निदान नव्हे.

आळशी माळी

+१. पटलं. माझी कॉइल मागे घेतो.

काटेकुंपण

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हा प्राणी बागेत चालतो, पण त्याच्या तीन-चार खोडी आहेत आणि त्या आधी कळल्या नाहीत तर महागात पडतात. मला पडल्या, म्हणून हा आयडी.

माझ्याकडेही हाच. पहिल्याच उन्हाळ्यात मागे गवत कापायचं गोल फिरणारं पातं लावलं. ते पातं म्हणजे जड लोखंडी पट्टी, एकदा गरगर फिरायला लागली की तिला थांबायला वेळ लागतो. कुंपण जवळ आलं, मी क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. क्लच पूर्ण खाली, पाय थरथरतोय आणि ट्रॅक्टर आपला शांतपणे पुढे. तारेच्या कुंपणातून आरपार गेला, एक खांब बोनेटवर घेतला आणि पलीकडच्या खताच्या ढिगात नाक खुपसून उभा राहिला.

झालं असं, की या ट्रॅक्टरचा पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) गिअरबॉक्समधूनच निघतो. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण पीटीओ आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. मग फिरतं पातं उलट्या दिशेने पीटीओला, पीटीओ गिअरला आणि गिअर चाकांना ढकलतो. म्हणजे ट्रॅक्टर तेवढा वेळ गवत कापायच्या यंत्रावर चालत असतो!

उपाय सोपा आहे: पीटीओच्या दांड्यावर ओव्हररन कपलिंग. एका बाजूला फिरतं, दुसऱ्या बाजूला नुसतं सुटतं, सायकलच्या फ्रीव्हीलसारखं. टीई-२० चा पीटीओ दांडा एक इंच एक सूत आहे, आणि आजची अवजारं एक इंच तीन सूतवाली. तेव्हा कपलिंग घेतानाच जाडी बदलणारं घ्या, एका दगडात दोन पक्षी. फक्त कपलिंगमुळे मागची लांबी वाढते. अवजार उचलल्यावर शाफ्ट आत टेकत नाही ना बघा, टेकत असेल तर तेवढा कापून आखूड करा. नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर हातोडे बसतील.

जुनंलोखंड

बाप रे. माझ्याकडे कपलिंग नाही. मी आत्तापर्यंत नशिबावर गवत कापत होतो तर.

काटेकुंपण

कपलिंग येईपर्यंत पातं लावूच नका, मी गंमत करत नाहीये.

आणि आणखी एक. याची लिफ्टसुद्धा (मागचं अवजार उचलणारं हायड्रॉलिक) त्याच पीटीओवर चालते. पीटीओ जोडायचा लिव्हर टाकलेला नसेल तर लिफ्ट मेलेली. क्लच दाबलेला असतानाही मेलेली. त्यामुळे 'क्लच दाबतो, पातं उचलतो, मग वळतो' हे इथे होत नाही. आधी उचला, मग थांबा.

रानमोडी

मी घरातली ट्रॅक्टरवाली. नवऱ्याला क्लचचं भय वाटतं.

कापणीची उंची हा विषय कोणी काढलाच नाही. जुनंलोखंड, तुमचं पातं कधी जमिनीला घासतं आणि कधी गवताच्या वरून जातं ना? साहजिक आहे. फर्ग्युसनची लिफ्ट नांगरासाठी बनवलेली. नांगर खोल गेला की वरचा लिंक (अवजार जोडणाऱ्या तीन दांड्यांपैकी वरचा) दाबला जातो, तो दाब हायड्रॉलिकला कळतो आणि ती नांगर थोडा वर घेते. हीच हॅरी फर्ग्युसनची कमाल. पण पातं जमिनीत जातच नाही, म्हणून लिंकवर दाबही येत नाही. लिफ्टचा दांडा मधोमध ठेवला की अवजार मधोमध राहील, ही सोय टीई-२० मध्ये नाहीच. ती पुढे फर्ग्युसन-३५ मध्ये (नंतरचा एमएफ-३५) आली.

मग आम्ही काय करतो? साखळ्या. वरच्या लिंकच्या पिनेपासून दोन साखळ्या खालच्या दोन्ही लिंकांना. लिफ्ट पूर्ण खाली सोडायची, अवजार साखळीवर लटकतं. एक कडी वर घेतली की उंची बदलली. मी रंग लावून ठेवलाय: लाल कडी बारीक कापणीची, पांढरी कडी वाढलेल्या गवताची.

गवताळ

वाचनखूण साठवली. कड्यांना रंग, काय सुपीक डोकं आहे!

वाफसा

जरा मातीच्या बाजूने बोलतो. यंत्रवाले मातीला विसरतात.

टीई-२० चं वजन साधारण अकराशे किलो, वर तुम्ही, मागे अवजार. ओल्या जमिनीत एकदा जरी गेलात तर चाकाखालची माती विटेसारखी दबते आणि ती वीट पुढच्या हंगामात मुळांना कळते. म्हणून वाफसा आल्याशिवाय भाजीच्या तुकड्यात जायचंच नाही. चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबा, गोळा करा, कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर जा. चपटा होऊन तसाच पडला तर शेडमध्ये जा आणि ग्रीस मारत बसा.

दुसरं, वाफे चाकांच्या मापाने आखा, चाकं वाफ्यांच्या मापाने नव्हे. या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांमधलं अंतर ४८ इंचांपासून चार-चार इंचांनी वाढवता येतं, रिम उलटसुलट लावून. एकदा अंतर ठरवा आणि कायम त्याच दोन पट्ट्यांवरून चाला. त्या पट्ट्या दबल्या तर दबू देत, मधला वाफा पोकळ राहील.

आणि रोटाव्हेटर घेऊ नका. पहिला गिअरसुद्धा त्याच्यासाठी फार पळतो. हळू चालवायला रेस कमी केली तर पातीही हळू होतात, कारण दोन्ही एकाच इंजिनावर. माती भुसभुशीत व्हायच्या ऐवजी ढेकळं फेकली जातात. फणाचा कल्टिव्हेटर लावा, दोन आडव्या-उभ्या पाळ्या द्या. वेळ लागतो, जमीन चांगली राहते.

ग्रीसगन

रोटाव्हेटरबद्दल असहमत. माझा एक परिचित हलक्या जमिनीत वापरतो, छान चालतो.

वाफसा

हलक्या जमिनीत काटकीनेसुद्धा नांगरता येतं. कृपया हलके घ्या.

पाटीवरचा

आमच्याकडे फार्मॉल कब हा छोटा ट्रॅक्टर आहे म्हणून दोन शब्द. नुसत्या बागेसाठी, ओळीतल्या भाज्यांसाठी शोधत असाल तर तो बघा. १९४७ ला आला आणि १९७९ पर्यंत बनत होता. इंजिन डावीकडे, बसायची जागा उजवीकडे सरकवलेली, त्यामुळे खाली वाकून न बघता ओळ सरळ डोळ्यांसमोर दिसते. कोळपणीला याच्यासारखं सुख नाही. ताकद साधारण दहा घोड्यांची, नांगरटीच्या नावाने बोंब. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला पंपही नाही, गरम पाणी आपसूक वर चढतं आणि गार खाली उतरतं. म्हणजे पाण्याची पातळी वरच्या होजच्या खाली गेली की फिरणं बंद! पंपवाल्या गाडीसारखी ढिलाई इथे चालत नाही.

अॅलिस-चाल्मर्स जी (१९४८ ते १९५५) तर इंजिन पाठीमागे घेऊनच यायचा, पुढे नुसत्या दोन नळ्या आणि अवजार. पण तो शोधायला पुण्य लागतं.

बखरवाला

अवांतर: फर्ग्युसनचा विषय निघालाच आहे तर. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून पाच लाखांहून जास्त टीई-२० बाहेर पडले. त्याआधी हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ मध्ये नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, कागद नाही. त्यातून १९३९ चा फोर्ड ९एन ट्रॅक्टर आला. पुढे हस्तांदोलन तुटलं आणि कोर्टकचेरी १९५२ पर्यंत चालली. आणि एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे लावून. तेव्हा जुनंलोखंड, दोन एकर गवत म्हणजे काहीच नाही.

आळशी माळी

हिलरींना गवत कापायचं नव्हतं ना पण :)

जुनंलोखंड

मंडळी, परत आलो. कपलिंग अजून यायचंय म्हणून पातं न लावता मातीने भरलेली ट्रॉली लावून चढावर फेऱ्या मारल्या. बत्तिसाव्या मिनिटाला पठ्ठ्या बंद.

आधी कबुली. तिसरा पॉइंट यांनी 'काही मागवू नका' लिहिण्याआधीच मी कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही मागवले होते. कंडेन्सर लावलाही. फरक शून्य.

आता चाचणी. ठिणगी: निळी, टणटणीत, चारही वायरींना. झाकण फिरवलं: फुस्स नाही. पंधरा मिनिटं थांबून तळाचा बोल्ट काढला. धार छान आली आणि मी निराश झालो. पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून बाटली धरून बसलो. साधारण दीड मिनिटात धार शिवणाच्या दोऱ्याएवढी झाली. मग थेंब. टप... टप... टाकीखालचा पेट्रोलचा टॅप बंद केला, पाच मिनिटांनी उघडला, पुन्हा मस्त धार!

तिसरा पॉइंट

वा! आता टाकीत काहीतरी आहे. पेट्रोल वाहायला लागलं की ते तरंगत येऊन टॅपच्या नळीच्या तोंडावर बसतं, प्रवाह थांबला की सुटून बाजूला होतं. म्हणून अर्धा तास थांबल्यावर सगळं ठीक. टाकी रिकामी करा, टॅप काढा, आत टॉर्च मारा. टॉर्च बॅटरीवालाच, आणि शेडच्या बाहेर.

जुनंलोखंड

सापडलं!!

टाकी उतरवून उलटी केली. तपकिरी चुऱ्याबरोबर नखाएवढी एक पापडी पडली. लवचीक, पिवळट, एका बाजूला गंज चिकटलेला. ही बरोबर टॅपच्या नळीवर झाकणासारखी बसते, मी लावून बघितली. आत बोट घातलं तर अशाच आणखी पापड्या सुटताहेत. कोणीतरी पूर्वी टाकीला आतून काहीतरी लेप दिलेला दिसतोय.

तिसरा पॉइंट

टाकी गळू नये म्हणून आतून देतात तो लेप. गंज न काढता दिला की असाच सुटतो, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर आणखी लवकर. आता सगळाच काढावा लागेल. लेप विरघळवणारं द्रावण घाला, मग मूठभर नट किंवा बारीक साखळीचा तुकडा आत टाकून टाकी हलवा. हात दुखेपर्यंत हलवा, मग दुसऱ्याला हलवायला सांगा. टाकलेले नट मोजा आणि काढताना परत मोजा. (का सांगतोय ते विचारू नका.)

उरलेला गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून निघतो. टाकी निगेटिव्हला, मध्ये लटकवलेला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. पण टाकी आधी पाण्याने अनेकदा धुऊन पेट्रोलचा वासही राहिला नाही याची खात्री झाल्यावरच, उघड्यावर. यात हायड्रोजन निघतो, ठिणगी नको. आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा अजिबात वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.

टॅपखालची काचेची वाटी आणि तिची जाळीही साफ करा. यापुढे महिनाभर उभा राहणार असेल तर टॅप बंद करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या, कार्ब्युरेटर कोरडा राहतो.

जुनंलोखंड

मनापासून आभार. टाकी सध्या सोड्यात आहे. तेवढ्यात आणखी दोन शंका. एक, अँमीटर (बॅटरी चार्ज होतेय की नाही ते दाखवणारा काटा) उलटा चालतो. दिवे लावले की काटा 'चार्ज'कडे जातो! दोन, गिअरबॉक्सचं तेल बघितलं तर दुधासारखं.

ग्रीसगन

अँमीटरवरून सांगतो, तुम्ही बॅटरी निगेटिव्ह अर्थ लावलीत, म्हणजे निगेटिव्ह टोक ट्रॅक्टरच्या लोखंडाला. या ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असते. सेल्फ दोन्ही प्रकारे एकाच दिशेने फिरतो, म्हणून चूक कळत नाही. पण डायनॅमो मूळ दिशेनेच चार्ज करायला जातो आणि कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) जळू शकतो. कॉइलची ठिणगीही उलट दिशेने जाते, जास्त व्होल्टेज मागते. बॅटरी फिरवा. आणि हे एकदा माझं बरोबर आलं, नोंद घ्यावी.

तिसरा पॉइंट

नोंद घेतली, मिस्त्री.

रानमोडी

दुधाचं कारण गिअरच्या दांड्याचं रबर. ते फाटलं की पावसाचं पाणी थेट गिअरबॉक्समध्ये. टीई-२० मध्ये गिअर, मागचा अॅक्सल आणि हायड्रॉलिक सगळ्यांना एकच तेल, म्हणजे ते पाणी लिफ्टच्या पंपातही गेलं. ट्रॅक्टर फिरवून तेल गरम करा, मग काढा, रात्रभर नितळू द्या. पहिलं भरलेलं तेल स्वस्तातलं घाला, दोन-चार तास चालवून तेही काढा, कारण पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाहीच. आमची लिफ्ट थरथरत उचलायची ती याने थांबली.

मागची चाकंही बघा. ब्रेकच्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेलंय आणि तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर आलंय. एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा लागत नाही. उतारावर ट्रॉली असताना हे कळलं तर फार वाईट वेळी कळतं.

गवताळ

इंजिन ऑइल कुठलं घालावं? मी ऐकलंय की जुन्यांना साधं, डिटर्जंट नसलेलंच.

ग्रीसगन

साधं एसएई ३०. डिटर्जंटवालं घातलं की वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो आणि तेलाच्या वाटा बुजवतो.

तिसरा पॉइंट

गाळ आत ठेवायचा आणि वर त्याला न दुखावणारं तेल घालायचं, हे मला कधीच पटलं नाही. चांगलं तेल घाला, पहिलं दहा तासांनी काढा, दुसरं पंचवीस तासांनी. काढलेलं पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा. तिसऱ्या वेळेपर्यंत निवळतं.

ग्रीसगन

आणि वाट बुजली तर?

तिसरा पॉइंट

प्रेशरच्या काट्याकडे बघत चालवा. तो पडला तर थांबा. हा वाद आपण दर वर्षी घालतो.

वाफसा

तेलाचं चाललंच आहे तर, एअर क्लीनर! तो तेलातला असतो, खालची वाटी काढून बघितलीत का कोणी? सुक्या दिवसांत गवत कापलं की आठ-दहा तासांत तळाशी बोटाच्या पेराएवढा चिखल जमतो. वाटी पुसायची, खुणेपर्यंत नवीन तेल घालायचं, खुणेच्या वर नाही. गवताच्या बियांनी रेडिएटरही भरतो, त्याला हवा मागून पुढे मारा.

काटेकुंपण

जाता जाता एक कडू गोष्ट. या ट्रॅक्टरांना डोक्यावर, उलटल्यावर वाचवणारा सांगाडा नसतो. झाडाचा बुंधा ओढायचाय म्हणून कोणी साखळी वरच्या लिंकला बांधतो. बुंधा हलत नाही, मागची चाकं पकड घेतात आणि ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या अॅक्सलभोवती फिरून पाठीवर येतो. एक-दीड सेकंद लागतो, क्लच आठवेपर्यंत संपलेलं असतं. ओढायचं ते फक्त खालच्या ड्रॉबारला, अॅक्सलच्या खाली. शक्य असेल तर सांगाडा बसवून घ्या आणि मग सीटचा पट्टाही लावा. सांगाडा नसताना पट्टा लावू नका, मग सुटायचीही सोय राहत नाही.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. बाहीचं टोक अडकलं तर ओढून काढायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं आवरण तुटलं असेल तर गवत वाढू दे.

आणि मडगार्डवर पोरं बसवू नका, कितीही हट्ट केला तरी.

आळशी माळी

हँडल मारून इंजिन सुरू करायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा विळखा घालू नका. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. उलटा झटका बसला तर हँडल हातातून सुटून जाईल, अंगठा घेऊन जाणार नाही. हे मी माझ्या डाव्या अंगठ्याच्या वतीने लिहितोय.

बखरवाला

आणि लांब उभा ठेवणार असाल तर क्लचचं पेडल लाकूड लावून दाबून ठेवा, प्लेट चिकटत नाही. आमचा एकदा असा चिकटला की उन्हात तापवून, चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून गचके द्यावे लागले. शेजारचे बघायला आले होते.

जुनंलोखंड

शेवटचा अहवाल, तीन आठवड्यांनी.

टाकी आतून लख्ख झाली, नट बावीस टाकले, बावीस काढले. बॅटरी फिरवली, अँमीटर सुधारला. गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदललं. दुसऱ्या वेळी मधासारखं निघालं, दुधाचा मागमूस नाही. दांड्याला नवीन रबर. ओव्हररन कपलिंग आलं, शाफ्ट दीड इंच कापावा लागला. साखळ्या लावल्या, लाल आणि पांढरा रंग मिळाला नाही म्हणून निळा आणि पिवळा.

काल सलग दोन तास वीस मिनिटं गवत कापलं. मुद्दाम कुंपणाजवळ जाऊन क्लच दाबला. मागे पातं गरगरत राहिलं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मी तिथेच दोन मिनिटं बसून राहिलो. घरातून 'बंद पडला का?' अशी हाक आली.

डावा दिवा अजून लागत नाही, तो राहू दे. नवीन कॉइल डब्यातच आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

तिसरा पॉइंट

ठेवा. लागेल.